ड्रॅगसाठी गिअरबॉक्स करताय? या चुका टाळा

ड्रॅग म्हणजे उभ्या गाडीवरून सुटून सरळ ४०२ मीटर पळायची शर्यत. तिच्या नादात सोलापुरात अक्कलकोट रोडला माझ्या गॅरेजवर गिअरबॉक्स पोत्यात घालून येतात. इंजिनवर भरपूर पैसा ओतलेला असतो, आणि त्याच्यामागे गिअरबॉक्स मात्र कंपनीचाच, लाखभर किलोमीटर पळालेला. दात गेल्यावर पोरगा विचारतो, "मामा, रविवारी पळवायचीय. शनिवारपर्यंत होईल ना?" नाही होणार. घाईत जोडलेला गिअरबॉक्स परत पोत्यातच येतो.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे गिअर लेथवर करून घेणं. सोलापुरात ही जास्त होते, कारण आपल्याकडे कारागीर चांगले आहेत. यंत्रमागाचा कुठलाही भाग दाखवा, हुबेहूब करून देतात. त्यांच्या हाताला नाव ठेवायला जागा नाही. पण इंजिन चार-पाच हजार आरपीएमवर (मिनिटाला फेरे) असताना क्लच सोडल्यावर दातावर जो घाव बसतो, तो वेगळाच प्रकार आहे.

एका पोरानं मारुती एस्टीमचा दुसरा गिअर असाच करून आणला होता. ईएन-८ या मध्यम कार्बनच्या स्टीलचा गोळा, दात सुरेख कापलेले, वर झकास पॉलिश. हार्डनिंगचं विचारलं तर म्हणे, "कडक स्टील आहे मामा, काय होत नाही." मी बसवायला नकार दिला, त्यानं दुसरीकडून बसवून घेतला. दुसऱ्याच लाँचला, म्हणजे उभ्या गाडीवरून जोरात सुटताना, गाडी जागेवर थांबली. माझ्याकडे आणली तेव्हा हाउसिंग उघडलं, तर दात मेण दाबल्यासारखे एका बाजूला लोळले होते. एक मुळातून निघून शेजारच्या गिअरमध्ये अडकला होता आणि हाउसिंगला बोटभर चीर गेली होती. अडीच हजार वाचवायला गेला आणि अख्खा गिअरबॉक्स घालवून बसला.

कंपनीचा गिअर २०एमएनसीआर५ सारख्या स्टीलचा असतो. कार्बुरायझिंग केल्यामुळे, म्हणजे वरच्या थरात कार्बन मुरवून हार्डनिंग केल्यामुळे, त्याचा वरचा थर ५८ ते ६२ एचआरसीपर्यंत (कडकपणाचं माप) कडक होतो आणि आतला गाभा चिवट राहतो. वरचा थर झीज सोसतो, गाभा दणका सोसतो. ईएन-८ ला नुसतं पाणी दिलं, म्हणजे तापवून एकदम गार केलं, तर दात आतपर्यंत कडक होतो आणि लाँचला कडकन तुटतो. पाणी दिलंच नाही, तर लोळतो. म्हणून नवा असो की जुन्या बाजारातला, कुठलाही गिअर बसवण्याआधी मी त्याच्या कडेला, जिथं दात एकमेकांना भिडत नाहीत तिथं, बारीक कानस फिरवतो. कानस घसरली तर गिअर ठेवतो. कानस चावली आणि भुगा निघाला, तर तो गिअर माझ्या टेबलावर राहत नाही.

दुसरी चूक क्लचची. कंपनीचा क्लच घसरतो म्हणून पोरं थेट सिरॅमिक बटणांची प्लेट आणि दुप्पट ताकदीची प्रेशर प्लेट टाकतात. अरे, तो घसरत होता म्हणून तर पुढचं सगळं वाचत होतं! घसरण बंद झाली की तोच दणका गिअरच्या दातांवर, डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांना ताकद वाटणारा भाग) पिनवर आणि ड्राइव्हशाफ्टच्या जॉइंटवर जातो. इंजिनच्या टॉर्कपेक्षा थोडी जास्त ताकद पेलेल एवढाच क्लच घ्या. ऑरगॅनिक (कंपनीच्या क्लचसारखी साधी) प्लेट असेल तर निदान ५०० किलोमीटर गावात शांतपणे चालवा, मगच लाँच. एवढा धीर नसेल तर क्लच बदलूच नका.

आता गिअर ऑइल. जीएल-४ आणि जीएल-५ हे त्याचे दर्जे. "जीएल-५ म्हणजे जीएल-४ पेक्षा भारी," हे ऐकून माझे कान किटले. जीएल-५ मुख्यतः हायपॉइड डिफरन्शियलसाठी असतं, जिथं दात एकमेकांवर जोरात घासत फिरतात. त्यातले गंधकाचे घटक पितळी सिंक्रो रिंगला (गिअर टाकताना दोन्हींचा वेग जुळवणारी रिंग) खाऊ शकतात, आणि जास्त निसरडं असल्यामुळे सिंक्रोची पकड सुटते. मग तिसरा गिअर करकरतो. मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच घाला. होंडा असेल तर तिचं एमटीएफच, म्हणजे होंडाचं मॅन्युअल गिअरबॉक्सचं ऑइल.

बेअरिंग नवीन आणि शिम (बेअरिंगची जागा नेमकी करणारे पातळ वॉशर) जुने, हेही नेहमीचंच. "हातानं हलवून बघितलं, बरोबर वाटतंय" हे मोजमाप नव्हे. ॲल्युमिनियमचं हाउसिंग स्टीलच्या शाफ्टपेक्षा जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे टेपर बेअरिंगचा प्रीलोड (बसवताना दिलेला दाब) गरम झाल्यावर सैल पडतो. आपल्या मे महिन्यातल्या उन्हात तर बघायलाच नको. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं माप) लावा, मॅन्युअलमधला आकडा गाठा, मगच हाउसिंग बंद करा.

फायनल ड्राइव्ह, म्हणजे गिअरबॉक्सनंतर चाकाकडे जाणारा शेवटचा गिअर रेशो, बदलण्याआधी कागद-पेन घ्या. समजा टायर १८५/६० आर१५ आहे, तिसऱ्या गिअरचा रेशो १.२८ आहे आणि ४०२ मीटरच्या रेषेवर गाडी ताशी १२५ किलोमीटरचा वेग गाठते. ४.४ च्या फायनलवर इंजिन साधारण ६,२०० आरपीएमवर असेल, म्हणजे तिसऱ्यातच रेषा पार. ४.९ टाकलात तर तिथं ६,९०० लागतील. इंजिनची हद्द ६,५०० असेल, तर ११८ च्या आसपास चौथा टाकावा लागणार, तोही रेषेच्या तोंडावर. सुरुवातीला कमावलेलं तिथंच गेलं.

गिअर लीव्हरवर हात ठेवून गाडी चालवू नका, शिफ्ट फोर्क (गिअर सरकवणारा काटा) झिजतो. डॉग गिअरबॉक्स (सिंक्रोऐवजी मोठ्या खाचा-दातांनी गिअर अडकवणारा) असेल तर गिअर एका झटक्यात टाका, अर्धवट टाकलात तर डॉगच्या कडा गोल होतात. इंजिनचं माउंटिंग फाटलेलं असेल तर आधी ते बदला. डिफरन्शियल वेल्ड करून तीच गाडी रस्त्यावर वापरू नका, वळणावर ड्राइव्हशाफ्ट जातो.

आणि "रात्री विजापूर रोडला एकदा ओढून बघतो" म्हणणाऱ्याचं काम मी घेत नाही. त्या रस्त्यावर ऊसाच्या बैलगाड्या असतात, दुचाकीवर घरी जाणारी माणसं असतात. एफएमएससीआयचं (भारतातल्या मोटरस्पोर्टची संघटना) लायसन्स काढा आणि मान्यता असलेल्या शर्यतीतच गाडी पळवा.

पहिल्या काही लाँचनंतर गिअरबॉक्सचं ऑइल गरम असतानाच काढा आणि ड्रेन प्लगचा मॅग्नेट पुसून बघा. बारीक राखाडी मळी असेल तर नवीन ऑइल भरा. नखाला लागेल असा तुकडा दिसला, तर गाडी चालवत आणू नका, टो करून आणा.