इंग्रजीत आडनाव वापरताना या चुका टाळा

‘डिअर मिस्टर जॉन’ अशा सुरुवातीची ईमेल तपासायला आली की पुढचा मजकूर वाचायच्या आधी मी तेवढं दुरुस्त करते. समोरच्याचं आडनाव जोन्स असेल तर ‘डिअर मिस्टर जोन्स’ लिहा. चांगली ओळख असेल तर नुसतं ‘डिअर जॉन’. मिस्टर, मिसेस, डॉक्टर, प्रोफेसर हे शब्द आडनावाला लागतात. एखादी बाई विवाहित आहे की नाही हे माहीत नसेल तर ‘मिझ’ लिहा. त्यात लग्नाचा प्रश्नच येत नाही.

‘सर’ या किताबाचं मात्र नेमकं उलट आहे. न्यूटनला 1705 मध्ये तो मिळाला, म्हणून ‘सर आयझॅक’ किंवा ‘सर आयझॅक न्यूटन’ म्हणायचं. ‘सर न्यूटन’ चुकीचं. चर्चिल ‘सर विन्स्टन’ झाले, पण त्यांच्या पत्नी ‘लेडी चर्चिल’. तिथे आडनावच येतं.

मराठीतून थेट येणारी एक चूक क्रियापदाची. आपण ‘जोन्स साहेब आले आहेत’ म्हणतो आणि त्याच ओघात ‘मिस्टर जोन्स आर हिअर’ लिहून जातो. इंग्रजीत आदरार्थी बहुवचन नाही. माणूस कितीही मोठा असो, ‘इज’च.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ‘द’ आणि अपॉस्ट्रॉफीचा, तेव्हा इथे जरा थांबू. जोन्स कुटुंब जेवायला येणार असेल तर ‘द जोन्सेस आर कमिंग’. हे साधं बहुवचन आहे, त्यात अपॉस्ट्रॉफी घालायची नाही. दारावरच्या पाटीपासून निमंत्रणपत्रिकेपर्यंत ती उगाच घातलेली दिसते आणि मला दर वेळी खटकते. केनेडींचं बहुवचन करताना शेवटचा ‘वाय’ तसाच ठेवून ‘एस’ जोडा; ‘सिटी’चं ‘सिटीज’ करताना स्पेलिंग बदलतं, तसं आडनावाचं बदलत नाही. अपॉस्ट्रॉफी येते ती मालकी दाखवताना: एकट्या स्मिथची गाडी असेल तर ‘एस’च्या आधी, साऱ्या स्मिथ कुटुंबाची असेल तर ‘एस’च्या नंतर. उच्चार दोन्हींचा एकच, म्हणून ही चूक कानाला कळत नाही. लिहिल्यावर डोळ्यांनीच तपासावी लागते.

शास्त्राच्या पुस्तकांतली एक जोडी लक्षात ठेवा: ‘हबल्स लॉ’ आणि ‘द हबल कॉन्स्टंट’. नावाला मालकीचा ‘एस’ लागला की ‘द’ गळतो; ‘एस’ नसला की ‘द’ लागतो. म्हणून ‘द न्यूटन्स लॉज’ चूक आणि ‘द डॉप्लर इफेक्ट’ बरोबर.

आडनावाआधी ‘अ’ आला तर अर्थच बदलतो. ‘अ मिस्टर स्मिथ कॉल्ड’ म्हणजे स्मिथ नावाच्या कुणाचा तरी फोन आला होता, मी त्यांना ओळखत नाही. रोज भेटणाऱ्या सहकाऱ्याबद्दल असं म्हणालात तर ऐकणारा गोंधळेल. ‘अ पिकासो’ म्हणजे पिकासोचं चित्र.

आडनावावरून पडलेली एककं वाक्यात अक्षरी लिहिताना पहिलं अक्षर लहान येतं: न्यूटन, वॉट, व्होल्ट. त्यांची चिन्हं मात्र मोठ्या अक्षरात. ‘डिग्री सेल्सियस’मधला सेल्सियस तेवढा मोठ्या अक्षराने सुरू होतो. देवनागरीत लहान-मोठं अक्षर नसल्यामुळे ही चूक आपल्या नजरेतून सहज सुटते.

आणि आडनाव म्हणजे शेवटचा शब्द, असं धरून चालू नका. शी जिनपिंग यांचं आडनाव शी, म्हणून इंग्रजीत ‘प्रेसिडेंट शी’. गाब्रिएल गार्सिया मार्केस यांना नुसतं ‘मार्केस’ म्हणणं अपुरं आहे. वडिलांकडचं गार्सिया आणि आईकडचं मार्केस मिळून त्यांचं आडनाव होतं. शंका आली तर त्या माणसाने ईमेलखाली स्वतःचं नाव कसं लिहिलंय ते पाहा, नाहीतर सरळ विचारा.