ऑर्केस्ट्रा चालवायचाय? आधी हात सुधरवा राजेहो

नागपुरात कंडक्टर म्हटलं की लोकांना बसच आठवते, ते सोडा. पहिले आरशासमोर उभं राहून चार मात्रांचा हात बसवा, पहिली खाली, दुसरी डावीकडे, तिसरी उजवीकडे, चौथी वर. गाणं सुरू व्हायच्या एक मात्रा आधीचा इशारा सगळ्यात महत्त्वाचा, त्यातच लय कळते, तो गडबडला की ड्रमर एकीकडे अन् व्हायोलिनवाले भलतीकडे.

मग पट्टी, म्हणजे गायक ज्या सुराला सा धरून गातो तो; पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून तो मोजतात. बाई काळी चारमधे गाणार अन् पुढचा गायक काळी एकमधे, तर सगळ्यांचे सूर लिहिलेले कागद आधीच बदलून ठेवा, स्टेजवर नाही! ट्रम्पेट बहुतेक बी फ्लॅटचा असतो, म्हणजे लिहिल्यापेक्षा एक पूर्ण स्वर खाली वाजतो, त्यामुळे सी हा सूर ऐकू यायला त्याला डी लिहून द्यावा लागतो. मी हे एकदा विसरलो, रिहर्सलमधे असा काही बेसूर आवाज आला की चहावाला पोट्टाही दारात थांबून पाहायला लागला. अन् पेटीचे सूर हलत नाहीत, म्हणून बाकीच्यांनीच तिच्याशी जुळवून घ्यायचं.

हॉल आधी जाऊन ऐका. देशपांडे सभागृह असो का रेशीमबागचं भट सभागृह, रिकाम्या हॉलमधला आवाज माणसं भरली की दबतोच.

एकाच प्रकारावर पोट भरत नाही इथे, त्यामुळे सिनेमाची गाणी, नाट्यगीतं, लग्नाचं संगीत सगळं घ्या, अन् सिंफनी, म्हणजे मोठ्या ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली पाश्चात्त्य रचना, प्रत्यक्ष ऐकायची तर मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात जा, सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून तिथेच आहे. जाताना स्वरलिपीचा कागद मिळाला तर सोबत ठेवा, ऐकता ऐकता बोट फिरवत बसायचं.