तुझी गोष्ट सांग: कॅथलिक मुलांना श्रद्धेबद्दल बोलतं कसं करावं

नववी-दहावीतल्या कॅथलिक मुलाला साक्रामेंत, म्हणजे चर्चचे पवित्र संस्कार, किती ते विचारा, तो सात म्हणेल आणि नावंही सांगेल. दहा आज्ञा पाठ असतात, जपमाळेची रहस्यं पाठ असतात. पण ‘तू कॅथलिक आहेस म्हणजे तुझ्या आयुष्यात काय आहे?’ असं विचारलं की वर्ग गप्प होतो. मुलांकडे सांगण्यासारखं भरपूर असतं. आपण त्यांना मत विचारतो, घडलेलं विचारत नाही, म्हणून ते बाहेर येत नाही. मी ठाण्यात दृढीकरणाची, म्हणजे बाप्तिस्म्यात मिळालेली श्रद्धा पक्की करणाऱ्या संस्काराची, तयारी करणाऱ्या मुलांना धर्मशिक्षण देते. तिथे जी पद्धत उपयोगी पडते ती इथे लिहिते आहे. कॅटेकिस्ट म्हणजे धर्मशिक्षण देणारे, शिक्षक, युवक गट चालवणारी ताई-दादा मंडळी आणि आईवडील, कुणालाही ती वापरता येईल.

आपल्याकडच्या मुलांना तिची विशेष गरज आहे. एका बाकावर ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाणे-वसईकडच्या मूळच्या कॅथलिक समाजातल्या, घरातली मुलगी असते. तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलतात, पण आडनाव परेरा, म्हणून शाळेत कुणीतरी हमखास म्हणतं, ‘अय्या, तुझं मराठी किती चांगलं!’ तिच्याच शेजारी श्रीरामपूरकडून आलेल्या कुटुंबातला मुलगा असतो. दर सप्टेंबरात त्याचे आजीआजोबा हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेला जातात. त्याचं आडनाव गायकवाड, म्हणून त्याला उलटं विचारतात, ‘तू ख्रिश्चन कसा?’ वाशी-नेरूळकडे मंगळुरी, गोवेकर, तमिळ, मल्याळी घरं. त्यातल्या सिरो-मलबार, म्हणजे केरळमधल्या पौर्वात्य रीतीच्या कॅथलिक चर्चमधल्या, मुलांची उपासनेची रीत वेगळी, आणि १९८८ पासून त्यांचा कल्याण हा धर्मप्रांतही वेगळा. ‘तू नक्की कोण?’ हा प्रश्न या सगळ्यांना रोज भेटतो. उत्तर कुणी शिकवत नाही.

आधी ठरवून घ्यायचं

गट आठ-दहा जणांचा ठेवा, खुर्च्या गोलात मांडा, खोलीत दोन मोठी माणसं असू द्या. माईक नको, स्टेज नको. सहा रविवार पुरतात.

शाळेत करणार असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कॅथलिक शाळांमध्ये इतर धर्मांचीही पुष्कळ मुलं शिकतात. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षणाला बसण्याची सक्ती कुणावर करता येत नाही, अल्पवयीन मुलासाठी पालकांची संमती लागते, असं संविधानाचं कलम २८(३) सांगतं. तेव्हा हा उपक्रम धर्मशिक्षणाच्या तासाला घ्या. बाकीची मुलं आपणहून यायचं म्हणाली आणि घरच्यांची हरकत नसली, तर जरूर या म्हणा. घरातली देवपूजा किंवा रोजे यांबद्दल त्यांनी सांगितलं की आपलीही मुलं मोकळी होतात.

दुसरं, गटाला सुरुवातीलाच सांगा की हे पापनिवेदन नाही. पाप सांगायची जागा फादरांकडे आहे, इथे नाही. जे सगळ्यांसमोर सांगायला बरं वाटेल तेवढंच सांगायचं, आणि ‘पास’ म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे.

पहिला रविवार: तुमची गोष्ट, मग वस्तू

सुरुवात तुम्ही करा. तीन मिनिटांत संपणारी, स्वतःवर गुदरलेली एक गोष्ट सांगा, आणि ती अशी निवडा की तिचं उत्तर अजून तुम्हालाही पुरतं मिळालेलं नाही. मागितलेलं मिळालं नाही, घरातलं कुणी लवकर गेलं, मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जावंसंच वाटेना, असं काहीही चालेल. शेवटी तात्पर्य जोडू नका. मुलं तुमच्याकडे बघून शिकतात, आणि पहिलीच गोष्ट चमत्काराची झाली तर पुढच्या सगळ्या चमत्काराच्याच येतात.

मग पुढच्या वेळी घरातली एक वस्तू आणायला सांगा. मौल्यवान नको. घरातल्या आल्तारावरची (देव्हाऱ्यातली), कपाटातली, आजीच्या पिशवीतली, कुठलीही. ‘विश्वास’ या विषयावर बोल म्हटलं की मुलाला घाम फुटतो. हातातल्या वस्तूबद्दल मात्र तो बोलायला लागतो.

एकदा एका मुलीने आजीची जपमाळ आणली होती. लाकडी मण्यांची, एका ठिकाणी मणी नव्हता, दोऱ्याला नुसती गाठ मारलेली. ‘मणी हरवला का?’ मी विचारलं. ‘हो टीचर, ताडीच्या झाडाखाली कुठेतरी. आजी त्या गाठीलाही नमो मारियाची प्रार्थना म्हणायची.’ मग तिने आपणहून सांगितलं, की आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण घरात रोज सात वाजता प्रार्थना तीच घ्यायची, आणि लाइट गेले तरी थांबायची नाही. शेजारचा मुलगा म्हणाला, ‘माझी आजी पण तशीच, फक्त ती कोकणीत म्हणते.’ त्या दिवशी मला धर्मसभा (चर्च) म्हणजे काय यावर भाषण द्यावं लागलं नाही.

प्रश्न कसे विचारायचे

सगळं यावर अवलंबून आहे, म्हणून इथे थोडं रेंगाळते.

ज्याचं उत्तर हो किंवा नाही असं येतं तो प्रश्न टाळा. ‘तुझा देवावर विश्वास आहे का?’ याला मूल ‘हो टीचर’ म्हणणार, त्याला दुसरा मार्गच नाही. त्याऐवजी जागा, वेळ आणि माणूस विचारा. क्रूसाची खूण तुला कुणी शिकवली, घरात कुठे बसून? शेवटचं रडत प्रार्थना केलीस ती कधी? नाताळचा फराळ शेजाऱ्यांकडे कोण घेऊन जातं, आणि ते काय म्हणतात? तू ख्रिश्चन आहेस हे लपवावंसं वाटलं असं कधी झालं? सांगताना अभिमान वाटला असं कधी? मिस्साला कंटाळा येतो तेव्हा नजर कुठे जाते?

उत्तर आलं की लगेच ‘का?’ विचारू नका, मूल बचावाच्या पवित्र्यात जातं. ‘मग काय झालं?’ एवढंच विचारा.

याचा उत्तम नमुना शुभवर्तमानातच आहे. लूकच्या चोविसाव्या अध्यायात, येशूला क्रूसावर मारल्यानंतर, दोन शिष्य यरुशलेमहून अम्माऊसला निघाले आहेत. अंतर अकरा किलोमीटर, म्हणजे ठाण्याहून विक्रोळीपर्यंत चालत जाण्याएवढं. पुन्हा उठलेला येशू त्यांच्याबरोबर चालू लागतो, ते त्याला ओळखत नाहीत, आणि तो आधी विचारतो, कशाबद्दल बोलताय? ते म्हणतात, एवढं सगळं घडलं, तुला माहीत नाही? त्याला सगळं माहीत आहे, ते त्याच्यावरच बेतलंय, तरी तो परत विचारतो, काय घडलं? मग ते आपल्या मोडलेल्या आशेसकट सगळं सांगून टाकतात. तो मध्ये तोडत नाही. शास्त्र उलगडतो ते त्यानंतर, आणि त्यांना त्याची ओळख पटते ती भाकर मोडताना. आधी प्रश्न, मग त्यांचं सांगणं, मग वचन. आपण वर्गात नेमका उलटा क्रम लावतो.

ऐकायचं कसं

मुलांच्या जोड्या लावा. एकाने चार मिनिटं सांगायचं. दुसऱ्याने ऐकायचं आणि नंतर फक्त ‘तू असं म्हणालास’ एवढं परत सांगायचं. सल्ला नाही, ‘माझ्याबरोबर पण असंच झालं’ नाही, हसणं नाही. हे सोपं वाटतं, पण मोठ्यांनाही जमत नाही. भाषा ज्याची त्याची. घरातली गोष्ट इंग्रजीत सांगताना अडखळणारं मूल आजीच्या बोलीत आलं की भरभर बोलतं. दुसऱ्याला कळलं नाही तर तो विचारेल.

घरी जाऊन विचारणं

तिसऱ्या आठवड्यात मुलांना घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे पाठवा. परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड करायचं. लग्नात उंबराचं पाणी (विधीसाठी विहिरीवरून आणतात ते) आणायला कोण गेलं होतं? आगेऱ्याला, म्हणजे सुगीच्या सणाला, भाताच्या लोंब्या कुठल्या शेतातून यायच्या, आणि त्या शेताच्या जागी आता काय उभं आहे? गावातून मुंबईला आलात तेव्हा पहिली मिस्सा कुठे ऐकली? बाटली मसाला किंवा फुगे (तळलेले गोल पाव) यांवर गाडी गेली तर जाऊ द्या, स्वयंपाकघरातून श्रद्धेकडे वाट जाते.

याच सुमाराला इथल्या जुन्या गोष्टी सांगाव्यात. १३२१ च्या एप्रिलमध्ये ठाण्यात थॉमस, जेम्स आणि पीटर हे संत फ्रान्सिसच्या संघातले तीन फ्रान्सिस्कन धर्मबंधू आणि त्यांच्याबरोबरचा जॉर्जियाचा दिमित्री मारले गेले. जॉर्डन हा डोमिनिकन (संत डॉमिनिकच्या संघातला) सोबती तेव्हा ठाण्यात नव्हता. त्याने नंतर त्यांचे देह सोपाऱ्याला पुरले आणि पत्रांतून हकिगत कळवली. काही वर्षांनी आलेल्या ओडोरिक या फ्रान्सिस्कन बंधूने त्यांच्या अस्थी चीनपर्यंत नेल्या आणि ही कथा युरोपात पोचवली. मुलांना विचारा, हे आपल्यापर्यंत आलं कसं? कुणी ऐकलं, कुणी लिहिलं? रक्तपात रंगवू नका, आणि त्यावरून आजच्या कुठल्याही समाजाकडे बोट दाखवू नका.

ओळखीच्या प्रश्नाने ज्याला छळलंय त्याच्यासाठी संत गोन्सालो गार्सिया आहेत. जन्म वसईचा, वडील पोर्तुगीज, आई इथली, धंद्याने व्यापारी, मग फ्रान्सिस्कन बंधू. १५९७ मध्ये नागासाकीला त्यांना क्रूसावर मरण आलं, १८६२ मध्ये ते संत म्हणून जाहीर झाले. ते कुणाचे, इथले की तिथले? या प्रश्नावर मुलांना वाद घालू द्या.

लिहिणं

एक पान, एकच प्रसंग. व्याकरणाला लाल पेन लावू नका. एक दुरुस्ती मात्र मी आग्रहाने करायला लावते. ‘त्या दिवशी मला समजले की देव नेहमी आपल्याबरोबर असतो’ हे शेवटचं वाक्य जवळजवळ प्रत्येक वहीत असतं. ते खोडून त्याआधी जे घडलं तिथेच थांबायला सांगा. ते वाक्य मुलाचं नसतं, आपल्याला आवडेल म्हणून लिहिलेलं असतं.

मग प्रत्येकाला आपल्या गोष्टीशेजारी शुभवर्तमानातला एक उतारा ठेवायला सांगा. निवड त्याची. आईच्या आजारपणाबद्दल लिहिणारा मुलगा आजार बरे होण्याचा उतारा घेईल असं तुम्हाला वाटेल, तो येशू अटकेआधी प्रार्थना करत असताना गेथशेमानेच्या बागेत झोपलेले शिष्य घेईल. घेऊ द्या.

शंका आली तर

कुणीतरी म्हणेलच, ‘टीचर, मला काहीच वाटत नाही. आई पाठवते म्हणून येतो.’ घाबरू नका, लगेच फादरांकडे पाठवू नका, आणि आईला फोन तर मुळीच नको. हीही गोष्टच आहे. पहिल्यांदा कधी वाटेनासं झालं ते विचारा. येशू पुन्हा उठला यावर थोमा या शिष्याने शंका घेतली म्हणून बाकीच्यांनी त्याला खोलीबाहेर काढलं नव्हतं, आणि आठ दिवसांनी तो तिथेच होता.

काही गोष्टी गुपित ठेवता येत नाहीत

‘इथलं इथेच राहील’ असं सरसकट वचन कधीच देऊ नका. एखाद्या मुलाच्या सांगण्यातून लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शाळेची किंवा धर्मग्रामाची (स्थानिक चर्चची) अब्रू आड येऊ देऊ नका. मुलाला शांतपणे सांगा, ‘तू सांगितलंस ते बरं केलंस, आता मला मदत आणावी लागेल.’ खोदून प्रश्न विचारू नका, ते काम प्रशिक्षित माणसांचं. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. हा नंबर पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून ठेवा, कारण जे वर्गात सांगणार नाहीत तेही तो वाचतात.

शेवटचा रविवार

घरच्यांना बोलवा. ज्यांना वाचायचंय त्यांनीच वाचायचं. कुणाची गोष्ट आईवडिलांबद्दल असेल तर आधी त्या मुलाशी एकट्याने बोलून घ्या. कागद मुलांकडेच राहू द्या, व्हॉट्सअॅपवर फोटो टाकायचे नाहीत, धर्मग्रामाच्या पत्रिकेत छापायचं तर मुलाची आणि पालकांची, दोघांची परवानगी हवी. स्पर्धा, बक्षीस, गुण काही ठेवू नका.

सहाही रविवार तोंड न उघडणारी एकदोन मुलं असतात. त्यांना गोलात बसू द्या, ऐकू द्या आणि हजेरी पूर्ण मांडा. दृढीकरणाच्या तयारीत ते कमी पडले असं त्यांच्या घरी कळवू नका.