मुंबईला जाताय ना? मग रनिंग शूज तिकडूनच घ्या, पण असे

गोव्यात पळणारी माणसं आता भरपूर झालीयत. पहाटे मिरामारला बघा, फातोर्ड्याला बघा, फोंड्यात फर्मागुढीच्या चढावर पण दिसतात, आणि डिसेंबरात चिखलीला रिव्हर मॅरेथॉन असते तिची तयारी तर भर पावसातच सुरू होते. बुटांची दुकानं आपल्याकडे नाहीत असं नाही, पण एकाच मॉडेलचा तुमचा साइझ, त्याच्यावरचा अर्धा साइझ आणि रुंद पंजाचा, असे तिन्ही जोड समोर ठेवून घालून बघायला मिळणं कठीण. आठ नंबर संपला की साडेआठ पुढे करतात आणि आत एक सोल टाका म्हणतात. म्हणून लग्नाला, इंटरव्ह्यूला, डॉक्टरकडे, कशालाही मुंबईला जाणार असाल तर त्यातली एक संध्याकाळ बुटांसाठी ठेवाच. किमतीसाठी नाही हं, किंमत फोनवर पण तीच असते, कधी कधी कमीच. आपण जायचं ते पायात घालून बघायला.

अर्धं काम निघायच्या आधी घरी होतं. संध्याकाळी भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहा, दुसऱ्या कोणाला तरी पेन सरळ धरून पायाभोवती रेघ मारायला सांगा (स्वतः वाकून मारली तर वजन सरकतं आणि माप चुकतं), दोन्ही पायांची मारा कारण बहुतेकांचा एक पाय थोडा मोठा असतो, आणि मोठ्या पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा. हे सेंटिमीटर फार महत्त्वाचे, कारण आपण "माझा आठ नंबर" म्हणतो तो आठ सगळीकडे सारखा नसतोच. पुरुषांच्या बुटांत आदिदासचा यूके ८ म्हणजे २६.५ सेंमी, नायकीचा आणि असिक्सचा २७. म्हणजे नंबर एकच आणि फरक सरळ अर्ध्या सेंटिमीटरचा! बॉक्सवर आणि जिभेच्या आतल्या लेबलवर सीएम किंवा जेपी (म्हणजे जपानी माप) लिहिलेलं असतं तेच बघायचं. पायाच्या मापापेक्षा साधारण एक सेंटिमीटर जास्त धरा, तिथून घालून बघायला सुरुवात करा.

सोबत काय न्यायचं, तर पळताना घालता ते मोजे आणि जुने शूज. ऑफिसच्या पातळ मोज्यांवर घेतलेला बूट पळताना चावतोच.

वेळेचं गणित कोकणकन्यावाल्यांना मस्त जुळतं. संध्याकाळी मडगावहून बसलात की सकाळी मुंबईत, परतीची गाडी रात्री उशिरा, मधला अख्खा दिवस हातात. पण सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जाऊ नका. दिवसभर चालून पाय फुगतात, लांब पळताना पण तसेच फुगतात, म्हणून आधी आपली कामं उरका आणि चार-पाचच्या सुमारास दुकानात शिरा. लोअर परळच्या फिनिक्स मॉलला गेलात तर बरेच ब्रँड एकाच आवारात मिळतात, आणि तिथून करी रोड स्टेशन चालत जवळ, सीएसएमटीकडे जाणारी स्लो लोकल संध्याकाळी त्या मानाने रिकामी कारण गर्दीचा लोंढा उलट्या दिशेला असतो. वांद्र्याचा लिंकिंग रोड पण चांगला. फॅशन स्ट्रीटवर टी-शर्ट खुशाल घ्या, पण पळायचे बूट तिथे नको. फर्स्ट कॉपीला वरून लोगो सेम असतो, आतला फोम कसला ते कोणालाच माहीत नाही आणि त्याची किंमत गुडघा मोजतो.

आता दुकानात. सेल्समन आधी कार्बन प्लेटवाला (तळव्यात कार्बनची कडक पट्टी असलेला), मग सगळ्यात महागडा, मग ऑफरवाला दाखवेल. तुम्ही सरळ सांगा, रोज पळायला, डांबरी रस्त्यावर, आठवड्याला इतके किलोमीटर. कार्बनवाले रेसचे बूट, रोजच्या पाच-सात किलोमीटरला त्यांची गरज नाही. दोन्ही पायांत घाला, एका पायात घालून आरशात बघण्यात काही अर्थ नाही. लेस नीट बांधा, उभे राहा, आणि सगळ्यात लांब बोटाच्या पुढे (ते अंगठाच असतं असं नाही, काहींचं दुसरं बोट लांब असतं) हाताचा अंगठा आडवा ठेवून दाबा, तेवढी जागा हवीच. नसेल तर उतारावर बोटं पुढे आपटतात आणि नखं काळी पडतात. मग पंजा, आपण वर्षभर चपलांत वावरणारी माणसं, बऱ्याच जणांचा पंजा पसरट असतो, करंगळीच्या बाजूने जाळी फुगून बाहेर आलेली दिसली की तो बूट अरुंद आहे असं समजा. "वापरून वापरून सैल होईल" हे ऐकायचं नाही, रुंद मागायचा. पुरुषांच्यात डी म्हणजे नेहमीचा, २ई म्हणजे रुंद, ४ई अजून रुंद, न्यू बॅलन्स आणि असिक्समध्ये काही मॉडेल्सना हे मिळतात. बायकांच्या मॉडेलमध्ये मोठा साइझ संपला असेल तर सेंमी बघून पुरुषांचा घालून बघायला काही हरकत नाही, टाच घट्ट बसते का तेवढं तपासा.

मग पळा. लाजू नका. ट्रेडमिल असेल तर दोन मिनिटं, नसेल तर दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. टाच वरखाली सरकत असेल तर सगळ्यात वरच्या त्या जादा भोकातून लेसची कडी करून बांधा, बऱ्याचदा तेवढ्यानेच बसते, नाही बसली तर दुसरा जोड. पहिल्या मिनिटाला जिथे टोचतं तिथे दहाव्या किलोमीटरला फोड येणार हे नक्की समजा. पायाला बरा वाटतो तो घ्यायचा, रंग शेवटी.

पैसे वाचवायचे असतील तर मागच्या वर्षीचं मॉडेल विचारा. नाव तेच असतं, पुढचा आकडा तेवढा वाढतो, आणि नवा आला की जुना बऱ्यापैकी डिस्काउंटला जातो. फक्त बॉक्सवरच्या एमआरपीच्या लेबलवर महिना आणि वर्ष छापलेलं असतं ते वाचा, तीन-चार वर्षं गोडाऊनमध्ये पडलेला जोड नको, फोम कडक होतो आणि गोंद सुटतो.

आपल्या पावसासाठी वॉटरप्रूफ बूट घ्यावासा वाटतो ना, घेऊ नका. गोव्यातला पाऊस घोट्यावरून आत शिरतो आणि मग ते पाणी बाहेर यायला वाटच नसते. जाळीचा हलका बूट बरा, तळाचं रबर मात्र पकडीचं बघा, शेवाळलेल्या रस्त्यावर गुळगुळीत तळवा घातक. आणि जमत असेल तर पावसाळ्याला दोन जोड ठेवाच, कारण एक जोड वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सुद्धा दुसऱ्या दिवशी धड सुकत नाही.

कपड्यांत घालून बघायच्या वस्तू दोनच, शॉर्ट्स आणि स्पोर्ट्स ब्रा. ब्रा घालून ट्रायल रूममध्ये उड्या मारून बघा, पट्टा खांद्यात रुतता कामा नये आणि खालची पट्टी वर चढता कामा नये. शॉर्ट्सच्या आतली शिवण मांडीला कुठे लागते ते बघा, आपल्या दमट हवेत घामाने तिथेच सोलवटतं. मोजे सुती नकोत. बाकी घड्याळ, बेल्ट, डोक्याचा टॉर्च, रिफ्लेक्टर जॅकेट हे सगळं घरबसल्या मागवा, मुंबईतला वेळ त्यात घालवू नका.

बिल करायच्या आधी विचारा, एक्सचेंज किती दिवसांत आणि गोव्यातल्या शाखेत चालेल का, आणि जे उत्तर मिळेल ते बिलावर लिहूनच घ्या. घरी आल्यावर पहिले दोन दिवस फक्त फरशीवर फिरा, कारण लाल माती लागली की कोणी परत घेत नाही. आणि जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला जाणारे, बिब (छातीवर लावायचा नंबर) घ्यायला एक्स्पोला गेलात की तिथले नवे बूट खुणावतात, घ्यायचे तर घ्या, पण रविवारी पायात जुनेच.