एकाच फायबर जोडीवरून अनेक जोडण्या: सीडब्ल्यूडीएमची मांडणी

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीत कारखान्याच्या दोन इमारतींमधील केबलचे दोनच धागे मोकळे उरले असतील, तर रस्ता पुन्हा खोदण्यापेक्षा सीडब्ल्यूडीएम पद्धतीने, म्हणजे प्रत्येक जोडणीला प्रकाशाची वेगळी तरंगलांबी देऊन, त्याच जोडीवरून अनेक स्वतंत्र जोडण्या चालवणे बहुधा स्वस्त पडते. यात १२७० ते १६१० नॅनोमीटरदरम्यान २० नॅनोमीटरच्या अंतराने १८ तरंगलांबी ठरलेल्या आहेत. हे अंतर ऐसपैस असल्याने, तापमान एक अंश वाढल्यावर लेसरची तरंगलांबी सुमारे ०.१ नॅनोमीटर सरकली तरी चालते. लेसर थंड ठेवण्याची यंत्रणा लागत नाही, आणि स्वस्ताईचे मूळ तिथेच आहे.

दोन्ही टोकांना विजेविना चालणारा मक्स (तरंगलांबी एकत्र आणि वेगळ्या करणारी पेटी) बसवावा आणि स्विचमधील प्रत्येक एसएफपी मॉड्यूल (लेसर असलेला, प्रकाश पाठवणारा-घेणारा सुटा भाग) त्याच्याच तरंगलांबीच्या पोर्टला जोडावे. जुन्या फायबरमध्ये १३८३ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश अधिक शोषला जातो, म्हणून तिथे १४७० ते १६१० या आठ तरंगलांबीच घ्याव्यात.

आता प्रकाशाचा हिशेब. दोन मक्सचे मिळून ४, कनेक्टरांचे २ आणि दोन किलोमीटर फायबरचे अर्धा डेसिबल धरले, तर घट साडेसहा डेसिबलच होते. म्हणून ८० किलोमीटरची महागडी मॉड्यूल घेऊ नयेत. इतक्या जवळून त्यांचा प्रकाश घेणारा भाग (रिसीव्हर) दिपतो आणि मध्ये प्रकाश कमी करणारा अ‍ॅटेन्युएटर घालावा लागतो.

फाउंड्रीची बारीक धूळ हा खरा शत्रू आहे. कनेक्टर जोडण्यापूर्वी दर वेळी क्लीनरने पुसावा, तिरक्या टोकाचा हिरवा आणि सरळ टोकाचा निळा कनेक्टर एकमेकांना जोडू नये, आणि स्विचवर दिसणारी, पोहोचलेल्या प्रकाशाची शक्ती पहिल्याच दिवशी वहीत नोंदवावी.