लोकसंख्या आणि घनता: हिशेब करताना या चुका टाळा

महाराष्ट्रात सर्वांत कमी लोकसंख्येचा जिल्हा कोणता? वर्गात हा प्रश्न टाकला की दरवेळी एकच गलका होतो, "गडचिरोली!" उत्तर आहे सिंधुदुर्ग. २०११च्या जनगणनेत सिंधुदुर्गात ८,४९,६५१ माणसं होती, गडचिरोलीत १०,७२,९४२. पण गडचिरोलीतली माणसं १४,४१२ चौरस किलोमीटरवर पांगलेली, म्हणून घनता, म्हणजे लोकसंख्या भागिले क्षेत्रफळ, चौरस किलोमीटरला फक्त ७४ माणसं. सिंधुदुर्ग ५,२०७ चौ. किमी.चा, तिथे ती १६३. गोव्याचंही तसंच. साडेचौदा लाखांचं हे राज्य सव्वाअकरा कोटींच्या महाराष्ट्रापेक्षा दाट आहे: ३९४ विरुद्ध ३६५.

भागाकार उलटा करणं. क्षेत्रफळाला लोकसंख्येनं भागलं की सिंधुदुर्गाचं उत्तर ०.००६ येतं. आधी तोंडी अंदाज घ्या: साडेआठ लाख भागिले पाच हजार, म्हणजे १७०च्या आसपास. क्षेत्रफळ हेक्टरमध्ये दिलं असेल तर १००नं भागून चौरस किलोमीटर करून घ्या.

हद्द न तपासणं. ही चूक मोठ्यांच्याही हातून होते, आणि उत्तर दिसायला अगदी बरोबर दिसतं, म्हणून मला ती सर्वांत घातक वाटते. २०११ला ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ होती. १ ऑगस्ट २०१४ला त्यातून पालघर वेगळा झाला आणि ठाण्याचं क्षेत्रफळ ९,५५८वरून ४,२१४ चौ. किमी.वर आलं. आता जुनी लोकसंख्या नव्या क्षेत्रफळानं भागली तर घनता येते २,६२५. पालघरकडे गेलेली २९,९०,११६ माणसं वजा केल्यावर खरा आकडा निघतो: सुमारे १,९१५. भागाकाराला हात घालण्याआधी दोन्ही आकडे एकाच हद्दीचे आहेत ना, एवढं बघा.

घनतांची सरासरी काढणं. मुंबई उपनगराची घनता २०,९८०, गडचिरोलीची ७४. दोन्हींची बेरीज करून निम्मी केली तर १०,५२७ येते. पण दोन्ही जिल्ह्यांची माणसं एकत्र मोजून एकत्र क्षेत्रफळानं भागली तर येते ७०२. घनता जोडायची नसते, माणसं आणि जमीन जोडायची असते.

आकडा सगळीकडे सारखाच लागू आहे असं मानणं. २०,९८०ची घनता म्हणजे माणशी साधारण ५१३ चौरस फूट. वाचून बरं वाटतं, कुणाला ते एखाद्या छोट्या घराएवढंही वाटेल. पण त्या ५१३ फुटांत रस्ते आले, रेल्वेचे रूळ आले, विमानतळ आला, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातलं जंगलही आलं. गोवंडी-मानखुर्दच्या गल्लीतल्या माणसाच्या वाट्याला प्रत्यक्षात किती येतं, ते या आकड्यातून कळत नाही. त्यासाठी वॉर्डाचे आकडे काढावे लागतात.

घनता कमी म्हणजे गरजही कमी, असं समजणं. हे ऐकलं की मला राहवत नाही. आदिवासी आणि डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र असा निकष आहे. उपनगराच्या घनतेनं तेवढी माणसं ३५ एकरांत मावतात. गडचिरोलीच्या घनतेनं ती सुमारे ४० चौरस किलोमीटरवर पसरलेली असतात, आणि लसीचा डबा घेऊन निघालेल्या परिचारिकेला मधले ओढे आणि जंगल ओलांडत पाड्यापाड्यावर जावं लागतं.