चढ सकाळी, उतार परतीला

स्पेनच्या अंदालुसियात पुएर्तो सेरानो ते ओल्वेरा हा ३६ किलोमीटरचा 'विया वेर्दे' (जुन्या रेल्वेमार्गावर केलेली सायकल-पायवाट) मार्ग गाड्यांपासून पूर्ण मोकळा आहे. पण सायकलने जाऊन-येऊन करायचा तर दुपारच्या उन्हात पाय गळतात. यावर सोपा उपाय:

१. सुरुवात पुएर्तो सेरानोहून, तीही उजाडताच. ओल्वेरा उंचावर आहे, त्यामुळे चढ गारव्यात संपतो आणि परतीला उतार मिळतो.

२. कोरिपे स्टेशनपाशी थांबून पाणी भरून घ्या.

३. टायरमधली हवा थोडी कमी ठेवा. खडीवर हादरे कमी बसतात, पकडही सुटत नाही.

सांभाळा: वाटेत ३० बोगदे आहेत. लखलखीत उन्हातून आत शिरताच डोळ्यांपुढे अंधारी येते. गॉगल बोगद्याच्या तोंडाशीच काढा, वेग कमी करा, पुढचा-मागचा दिवा चालूच ठेवा. समोरून चालत येणारी माणसं, लहान मुलंही असतात.